पाठमोरा बसलेला माणूस

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गीतांजली दुसऱ्या दिवशी टाटानगर सोडते, तेव्हा खिडकीबाहेरचा मुलूख पुरता बदललेला असतो. लाल माती, सालवृक्षांची रानं, मधूनच एखादी बोडकी टेकडी. बंगाली कादंबरीकार बिभूतिभूषणांचं घाटशिला मागे पडतं आणि थोड्या वेळाने चाकुलिया नावाचं स्टेशन येतं. गाडी थांबत नाही. खरगपूरला उतरणारे सीटखालचं सामान ओढायला लागलेले असतात, आणि कुणी पाटी वाचेपर्यंत स्टेशन गेलेलंही असतं.

या चाकुलियाच्या रानात २ एप्रिल १९४४ रोजी एक विमान उतरलं. त्या काळातलं सर्वांत अवजड आणि सर्वांत महागडं बॉम्बफेकी विमान. बोइंगचं बी-२९, ‘सुपरफोर्ट्रेस’. पंखांचा पसारा ४३ मीटर, पेट्रोल आणि बॉम्ब भरले की वजन साठ टनांच्या घरात. अमेरिकेने या विमानाच्या प्रकल्पावर सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च केले. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर झाला त्याहून हा खर्च जास्त होता. पण ज्यात या विमानाचा प्राण होता, ते इंजिन भरवशाचं नव्हतं. हा लेख त्या इंजिनाबद्दल आहे, आणि ते आकाशात दगा देऊ लागलं की ज्याच्याकडे सगळ्यांचे कान लागायचे त्या माणसाबद्दल आहे.

बी-२९मध्ये अकरा जण असत. काचेच्या नाकात बॉम्बफेक्या. त्याच्या मागे डावीकडे मुख्य वैमानिक, उजवीकडे सहवैमानिक. आणि या सहवैमानिकाच्या मागे, त्याच्याकडे पाठ करून, शेपटीकडे तोंड करून बसलेला फ्लाइट इंजिनिअर. विमान जिकडे निघालंय तिकडे याची पाठ. समोर आकाश नाही, गेजची भिंत. चार इंजिनांचा ऑइलचा दाब, ऑइलचं तापमान, पेट्रोलचा दाब, फेरे आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरच्या हेडचं तापमान. शेजारी एक लहानशी खिडकी, तिच्यातून उजव्या पंखावरची दोन इंजिनं दिसत. डावीकडची दोन त्याला दिसत नसत. त्यासाठी विमानाच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंना काचेच्या फुगवट्यांत बसलेले गनर होते. शत्रूचं विमान हेरणं हे त्यांचं काम खरंच, पण तासन् तास ते राखण करत होते ती आपल्याच इंजिनांची. कुठे ऑइल गळतंय, कुठे धूर दिसतोय, ते माइकवरून कळवायचं. पाठमोरा माणूस ते ऐकायचा, गेजवर नजर टाकायचा, आणि मग वैमानिकाला सांगायचा.

युद्धाच्या सिनेमांत हा माणूस सहसा दिसत नाही. कॅमेरा वैमानिकाच्या चेहऱ्यावर असतो, नाही तर मशीनगनवर. बंगालमधून उडालेल्या या विमानांच्या नोंदी वाचताना मला मात्र सारखी हीच खुर्ची दिसत राहिली.

* * *

राइट कंपनीचं आर-३३५० हे इंजिन. अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन ओळींत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. ताकद २,२०० अश्वशक्ती. रेडिएटर नाही, पाणी नाही. थंड करायला फक्त समोरून येणारा वारा. पुढची ओळ ताजा वारा खाते. मागच्या ओळीच्या वाट्याला येतो तो पुढच्या नऊ सिलिंडरांनी तापवून सोडलेला वारा. खरं दुखणं इथेच होतं.

मे महिन्यात बोर घाटात बॉनेट उघडून उभी राहिलेली एसटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ड्रायव्हर खाली उतरतो, पाणी ओततो, विडी ओढतो, पाऊण तासाने गाडी निघते. आकाशात थांबण्याची सोय नाही. मागच्या ओळीतला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल झाला की त्याची दांडी तुटते आणि मुंडी सिलिंडरमध्ये पडते. मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेणारं इंजिन त्या तुकड्यावर पिस्टन आपटत राहतं. सिलिंडर फुटतो, ऑइल बाहेर पडतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर जाऊन पेट घेतं. याच्या पुढची पायरी त्याहून वाईट. वजन वाचवायचं म्हणून इंजिनाच्या कवचाचे काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी चिमट्यात धरून जाळलेली मॅग्नेशियमची फीत ज्यांना आठवते, त्यांना तो डोळे दिपवणारा पांढरा उजेडही आठवत असेल. ती आग एकदा लागली की विमानातल्या कुठल्याही साधनाने विझत नाही, आणि पंखाचा मुख्य दांडा तिथून हाताच्या अंतरावर असतो.

हे सगळं युद्धात उतरण्याआधीच ठाऊक झालं होतं. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बोइंगचे नामवंत चाचणी वैमानिक एडी ॲलन यांनी बी-२९चा दुसरा नमुना सिएटलहून वर नेला. थोड्याच वेळात एका इंजिनाला आग लागली. ती विझल्यासारखी वाटली म्हणून ते परतीला लागले, पण आग पंखात शिरली होती. धावपट्टी जवळ आलेली असताना विमान फ्राय नावाच्या मांस-कारखान्यावर कोसळलं. विमानातले अकराही जण गेले, कारखान्यातले वीसच्या आसपास कामगार गेले, आणि आग विझवायला धावलेला एक बंबवालाही गेला. त्यानंतर सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या समितीने चौकशी केली. दर्जा सोडून संख्येच्या मागे लागल्याचा ठपका इंजिन बनवणाऱ्या कंपनीवर आला, आणि घाई करणाऱ्या हवाई दलावरही.

तरीही घाई थांबली नाही. १९४४च्या मार्चमध्ये कॅन्ससच्या तळांवर विमानं ओळीने उभी होती आणि त्यांतलं जवळपास एकही परदेशी जाण्याच्या अवस्थेत नव्हतं. बर्फाच्या वाऱ्यात, उघड्यावर, मेकॅनिक लोकांनी महिनाभर रात्रंदिवस खपून ती उभी केली. मग मोरोक्कोतलं मराकेश, कैरो, कराची आणि खरगपूर असा प्रवास सुरू झाला. कॅन्ससच्या बर्फात जे इंजिन कसंबसं चाललं, ते एप्रिलच्या कराचीत चालेना. एकामागून एक विमानं पडली, तेव्हा वाटेतल्या सगळ्या विमानांना जिथे असाल तिथेच थांबण्याचा हुकूम सुटला. इंजिनाला वारा मिळावा म्हणून आतले पत्रे बदलले, व्हॉल्व्हच्या डब्यांना जास्त ऑइल पोचावं म्हणून नव्या नळ्या जोडल्या आणि विमानं पुढे निघाली.

* * *

बंगाल-नागपूर रेल्वेचं खरगपूर हे तेव्हाही वर्कशॉपचं गाव होतं. त्याच्या भोवती चार तळ उभे राहिले. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडी. धावपट्ट्या लांब करायच्या होत्या, कारण इतकं जड विमान याआधी इथे कधी उतरलंच नव्हतं. यंत्रं थोडी आणि माणसं हजारो. बायाबापड्यांनी डोक्यावर पाट्या वाहून खडी टाकली. ही माणसं कोणत्या जिल्ह्यातली होती हे सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर १९४२च्या वादळात समुद्र मेदिनीपूरच्या गावांत शिरला होता, आणि त्यापाठोपाठ १९४३चा दुष्काळ आला, ज्यात बंगालमध्ये लाखो जीव अन्नावाचून गेले. एका विमानाच्या टाक्यांत जितकं पेट्रोल मावत होतं त्याची किंमत, आणि पाटीमागे मिळणारी मजुरी, या दोन गोष्टी एकाच धावपट्टीवर समोरासमोर उभ्या होत्या. अमेरिकी नोंदींत या मजुरांची नावं नाहीत. धावपट्ट्या मात्र अजून आहेत.

या सगळ्याचं मुख्यालय होतं हिजलीत. ज्या इमारतीत ब्रिटिशांनी बंगालच्या क्रांतिकारकांना डांबलं, जिथे १६ सप्टेंबर १९३१च्या रात्री पोलिसांनी नि:शस्त्र बंदींवर गोळ्या झाडून संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त यांचा जीव घेतला, त्याच इमारतीत १९४४ साली अमेरिकी जनरल नकाशे पसरून बसले. सात वर्षांनी तिथे देशातल्या पहिल्या आयआयटीचे वर्ग भरू लागले. आज ती इमारत ‘शहीद भवन’ म्हणून ओळखली जाते आणि आत विज्ञान-संग्रहालय आहे. महाराष्ट्रातून खरगपूरला शिकायला गेलेल्या किती तरी मुलांनी तिच्यासमोरून सायकली मारल्या असतील. एका भिंतीवर इतकं काही येऊन गेलेलं असणं, हे आपल्या देशात फार विरळा नाही, पण इतक्या थोड्या वर्षांत येऊन गेलेलं विरळा आहे.

बंगालचा मे महिना सुरू झाला. दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावला तर फोड येई. आत इंजिनाच्या बेचक्यात शिरून काम करणं अशक्य, म्हणून मेकॅनिक पहाटे आणि रात्री काम करत, डासांच्या राज्यात, दिव्याखाली. शिवाय गरम हवा विरळ असते. पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाला थंडावा कमी. म्हणजे ज्या दिवशी ताकद जास्त लागणार, त्याच दिवशी इंजिन लवकर तापणार.

आता त्या पाठमोऱ्या माणसाच्या शेजारी जरा उभं राहू. विमान धावपट्टीच्या टोकाला आहे. चारही इंजिनं चालू, आणि ती जमिनीवर जितकी मिनिटं चालतील तितकी तापणार, म्हणून तपासण्या झटपट उरकायच्या आहेत. हेडच्या तापमानाचे चार काटे. अडीचशे अंश सेल्सिअस ओलांडलं की पुढे धोका. इंजिनाच्या गोल आवरणाच्या मागच्या कडेला झडपा आहेत, काउल फ्लॅप. त्या उघडल्या की वारा आत खेळतो, काटा खाली येतो. पण त्याच झडपा वाऱ्याला आडव्या येतात आणि विमान जड होतं. बंद केल्या की विमान हलकं धावतं आणि काटा चढतो. उड्डाणाच्या त्या मिनिट-दीड मिनिटात हे गणित त्याला सोडवायचं असतं. झडपा किती उघड्या ठेवायच्या? दोन बोटं इकडे-तिकडे झाली तरी फरक पडतो. विमान धावू लागतं. इंजिनांवर पूर्ण जोर. काटे चढतात. त्याला धावपट्टी दिसत नाही. तिचं टोक किती जवळ आलंय ते त्याला पाठीमागून येणाऱ्या वैमानिकाच्या आवाजावरून कळतं. चाकांची धडधड थांबली, म्हणजे जमीन सुटली. मग लगेच वर चढायचं नाही, असं ही माणसं अनुभवाने शिकली. झाडांच्या शेंड्यांवरूनच सरळ जात राहायचं, वेग घ्यायचा, वाऱ्याने इंजिनं थोडी थंड होऊ द्यायची, आणि काटे खाली उतरले की मग चढ धरायचा.

गेज बघत बसणं हे काम शौर्याचं वाटत नाही. मला मात्र ते आता शौर्याचंच वाटतं.

* * *

५ जून १९४४. बी-२९ची जगातली पहिली मोहीम याच चार तळांवरून निघाली. लक्ष्य होतं बँकॉकमधलं मक्कासानचं रेल्वे वर्कशॉप. एका रेल्वे वर्कशॉपच्या गावातून दुसऱ्या रेल्वे वर्कशॉपवर. अंतर एका बाजूने सतराशे किलोमीटरच्या आसपास, बहुतेक बंगालच्या उपसागरावरून. ९८ विमानं उडाली. एक उड्डाणानंतर क्षणात कोसळलं. बाकीच्यांपैकी चौदा अर्ध्यातून माघारी वळली, इंजिनाच्या आणि इतर बिघाडांनी. लक्ष्यावर बॉम्ब टाकले ७७ विमानांनी. परतताना पावसाळी ढग, संपत आलेलं पेट्रोल. चाळीसहून जास्त विमानं आपला तळ सोडून मिळेल त्या धावपट्टीवर उतरली. एकूण पाच विमानं गेली, आणि त्यांतलं एकही शत्रूने पाडलेलं नव्हतं.

हा शेवटचा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. विशी-पंचविशीतली ही पोरं जपान्यांशी लढायला आली होती, आणि पहिल्या दिवशी त्यांना मारलं ते त्यांच्याच विमानाने.

समुद्रावर इंजिन गेलं तर काय करायचं, याचा पाठ प्रत्येकाला तोंडपाठ असे. गनर सांगतो, तीन नंबरमधून ऑइल येतंय. इंजिनिअर ऑइलच्या दाबाचा काटा बघतो. काटा उतरत असेल तर आणखी वाट बघायची नाही. त्या इंजिनाचा जोर कमी करायचा आणि प्रोपेलर ‘फेदर’ करायचा. म्हणजे प्रोपेलरची पाती आपल्या दांड्यावर फिरवून त्यांची धार वाऱ्यासमोर आणायची, नावाडी वल्हं पाण्यात कडेवर धरतो तशी. मग वारा पात्यांना ढकलू शकत नाही, पंखा थांबतो आणि मेलेलं इंजिन विमानाला मागे ओढत नाही. मिश्रण बंद, पेट्रोल बंद, झडपा बंद. उरलेल्या तिघांवर थोडा जास्त जोर, पण फार नाही, कारण त्यांचेही काटे वरच असतात. जड सामान बाहेर फेकायचं. उंची हळूहळू सोडायची.

यात एकच अट आहे. पाती फिरवायला ऑइलचा दाब लागतो. ऑइल वाहून गेलं असेल तर बटण दाबून उपयोग नाही. मग वारा पंख्याला फिरवत सुटतो, इंजिनाला वंगण नसतं, फेरे वाढत जातात, आणि सगळं विमान थरथरू लागतं. यालाच हे लोक ‘रनअवे’ म्हणत. वेग कमी करून, विमान जवळजवळ हवेत थांबेल इतकं मंदावून फेरे आवरायचे, एवढाच उपाय. नाही आवरले तर आतला धातू तापून लाल होतो, दांडा पिळून तुटतो, आणि माणसाच्या दुपटीहून मोठ्या व्यासाचा तो पंखा फिरत-फिरत सुटतो. बाहेर फेकला गेला तर नशीब. विमानाकडे आला तर पत्रा कापत जातो. म्हणून अशा वेळी प्रोपेलरच्या रेषेत बसलेल्यांना तिथून उठवून दुसरीकडे हलवत.

फेदर करण्याची वेळ काही सेकंदांची. लवकर केलं तर कदाचित चालू शकलं असतं असं इंजिन गेलं, आणि समुद्रावर तीनच उरली. उशीर केला तर ऑइल गेलं, आणि मग काहीच हातात नाही. हा निर्णय काट्यांकडे बघून घ्यायचा, आणि काटा खोटंही बोलू शकतो. कधी इंजिन ठणठणीत आणि गेजच बिघडलेलं.

* * *

खरगपूरहून जपान टप्प्यात नव्हता. म्हणून चीनमध्ये, चेंगडूजवळ, पुढचे तळ बांधले. तिथेही तेच. लाखो चिनी शेतकऱ्यांनी दगड फोडले आणि प्रचंड रोलर दोरांनी, माणसांच्या ताकदीने ओढले. खरगपूर ते चेंगडू सुमारे १,९०० किलोमीटर, मध्ये हिमालयाचा पूर्वेकडचा डोंगरपट्टा. वैमानिक त्याला ‘हंप’ म्हणत, उंटाचं मदार. चीनमध्ये पेट्रोलचा थेंब मिळत नव्हता. त्यामुळे एका हल्ल्यापुरतं पेट्रोल साठवायला त्याच विमानाला मदार ओलांडून सुमारे सहा खेपा घालाव्या लागत. प्रत्येक खेपेला तीच इंजिनं, तोच चढ. खरगपूरला संख्याशास्त्र सांभाळणाऱ्यांत एक तरुण अधिकारी होता, रॉबर्ट मॅकनमारा. पुढे हाच अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. ही सगळी खटपट कागदावरसुद्धा परवडत नाही, असं त्याच्या आकड्यांतून दिसत होतं, आणि म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर बोलताना त्याने ते सांगितलंही.

२९ जुलै १९४४. चेंगडूच्या तळांवरून विमानं मांचुरियातल्या अनशानकडे निघाली. तिथे शोवा पोलाद कारखाना होता. निघालेल्या विमानांत एक होतं ‘रॅम्प ट्रॅम्प’. धावपट्टीच्या कडेला बसून राहणारा भटक्या, असं काहीसं नाव क्रूने त्याला दिलं होतं. वैमानिक कॅप्टन हॉवर्ड जॅरेल. बॉम्ब टाकून झाले, आणि विमानाचं एक इंजिन कामातून गेलं.

नकाशावर बोट ठेवून बघा. अनशानहून चेंगडू सुमारे २,००० किलोमीटर. वाटेत जपान्यांच्या ताब्यातला चीन आणि त्यानंतर डोंगर. तीन इंजिनांवर ते अंतर जाण्याइतकं पेट्रोल पुरेल का, आणि त्यातलं आणखी एक इंजिन वाटेत बसलं तर काय, हे दोन प्रश्न. दुसऱ्या बाजूला व्लादिवोस्तोक, अंदाजे पावणेआठशे किलोमीटर. सोव्हिएत संघ हा जर्मनीविरुद्धच्या लढाईत अमेरिकेचा मित्र. पण जपानशी मात्र त्याने एप्रिल १९४१मध्ये तटस्थतेचा करार केलेला. म्हणजे तिथे उतरणारा अमेरिकी वैमानिक कायद्याने पाहुणा नाही, स्थानबद्ध. हे त्यांना ठाऊक होतं. आधी १९४२ साली डूलिटलच्या टोकियो-हल्ल्यातलं एक विमान पेट्रोल कमी पडून तिकडे उतरलं होतं, आणि त्यातल्या पाच जणांना वर्षभराहून अधिक काळ अडकून पडावं लागलं होतं.

जॅरेल यांनी विमान पूर्वेला वळवलं. अकरा जणांचा जीव आणि एक विमान, यांत त्यांनी आधी जीव मोजले. त्या क्षणी दुसरं काही करण्याजोगं होतं असं मला वाटत नाही. सोव्हिएत लढाऊ विमानांनी त्यांना गाठलं आणि व्लादिवोस्तोकजवळच्या नौदलाच्या धावपट्टीवर उतरायला लावलं. विमानाला फारशी इजा झाली नाही. माणसंही धड होती. विमान दुरुस्त करून, पेट्रोल भरून आपण परत जाऊ, अशी आशा त्यांनी किती दिवस धरली असेल?

त्यांच्यामागून आणखी आले. २० ऑगस्टला जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावरून जखमी होऊन निघालेलं मेजर रिचर्ड मॅक्ग्लिन यांचं विमान खाबारोव्स्कच्या बाजूच्या दाट जंगलावर आलं, आणि क्रूने रात्री उड्या टाकल्या. विमान फुटलं. माणसं जंगलात विखुरली आणि उपाशीपोटी भटकली, पण सगळी जिवंत सापडली. ११ नोव्हेंबरला जपानमधल्याच ओमुराहून भरकटलेलं ‘जनरल एच. एच. अर्नोल्ड स्पेशल’ आलं. अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख अर्नोल्ड यांनी विचिटाच्या कारखान्यात अर्धवट बांधलेल्या याच विमानावर स्वतःच्या हाताने सही केली होती, हे मला तातडीने तयार करून द्या म्हणून. २१ नोव्हेंबरला ‘डिंग हाओ’ आलं. चिनी भाषेत त्याचा अर्थ ‘एकदम झकास’.

माणसांना रेल्वेने ताश्कंदजवळच्या छावणीत नेलं. थंडी, कोबीचं पाणी, आणि मोजायला दिवस. १९४५च्या जानेवारीअखेर त्यांना ट्रकमध्ये बसवून गुपचूप इराणच्या हद्दीत सोडण्यात आलं. जपानला कळू नये म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनीच सगळं असं रचलं होतं की जणू हे लोक पळून गेले. त्यांच्याकडून गप्प राहण्याची लेखी हमी घेतली गेली. आपण कुठे होतो, हे त्यांनी घरीही सांगायचं नव्हतं. नवरा, मुलगा जिवंत परत आला आणि काहीच बोलत नाही, असं त्यांच्या घरच्यांनी बरीच वर्षं पाहिलं असणार.

* * *

विमानं परत गेली नाहीत. सोव्हिएत संघाने अमेरिकेकडे बी-२९ मागितलं होतं आणि नकार मिळाला होता. आता तीन धडधाकट विमानं अनायासे अंगणात उभी होती. नौदलाच्या वैमानिकांनी ती चालवायला शिकून घेतली, आणि सैबेरियावरून उडवत मॉस्कोला आणली. जून १९४५मध्ये स्टालिनचा हुकूम निघाला. आंद्रेई तुपोलेव यांनी दोन वर्षांत हुबेहूब असंच विमान करायचं. तुपोलेव स्वतः स्टालिनच्या तुरुंगातून सुटून चारच वर्षं झाली होती. ‘हुबेहूब’ या शब्दाचं वजन त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

एक विमान उडवून बघायला, एक तुलनेसाठी जपून ठेवायला, आणि अर्नोल्ड यांच्या सहीचं सुटं करायला. खिळ्यागणिक भाग काढून मोजले, तोलले, त्यांची चित्रं काढली. मग एक साधी अडचण आली, जी कुठल्याही वर्कशॉपवाल्याला लगेच कळेल. अमेरिकी पत्रा इंचात. एक सोळांश इंच म्हणजे १.५८७५ मिलिमीटर. सोव्हिएत गिरण्या पत्रा काढत मिलिमीटरमध्ये. दीड घ्यावा तर कमजोर, पावणेदोन घ्यावा तर जड. हजारो भागांत हाच प्रश्न. प्रत्येक भागाच्या ताकदीचं गणित वेगळं मांडून कुठे जाड, कुठे पातळ असं करत त्यांनी सगळ्या विमानाचं वजन मूळच्या जवळपास आणून ठेवलं. हे काम ज्यांनी केलं त्यांची हातोटी मानावीच लागते.

एक गोष्ट मात्र त्यांनी नक्कल केली नाही. आर-३३५०. श्वेत्सोव यांच्या कारखान्यात तशाच ताकदीचं, अठरा सिलिंडरचं स्वतःचं इंजिन तयार होत आलेलं होतं, एएश-७३. त्याची जुनी मुळंही राइट कंपनीकडूनच परवान्याने घेतलेल्या एका छोट्या इंजिनात होती. हवा दाबून देणारे टर्बो मात्र अमेरिकी नमुन्यावरून घेतले. ज्या इंजिनाने एडी ॲलन यांना मारलं आणि बंगालच्या उन्हात इतक्या जणांच्या काळजाचा ठोका चुकवला, ते एवढ्या तंतोतंत नकलेतून वगळलं गेलं.

विमानाचं नाव तू-४. ३ ऑगस्ट १९४७ रोजी मॉस्कोजवळ तुशिनोच्या हवाई प्रदर्शनात तीन चार-इंजिनी विमानं ओळीने उडाली. खाली बसलेल्या परदेशी लष्करी प्रतिनिधींनी आकार ओळखला. व्लादिवोस्तोकला उतरलेली तीनच असतील, असा त्यांचा पहिला अंदाज. मग चौथं आलं, त्याच पंखांचं, पण प्रवासी विमानाच्या धडाचं. सुमारे साडेआठशे तू-४ बांधली गेली. १८ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांतल्याच एकाने सोव्हिएत संघाचा विमानातून टाकलेला पहिला अणुबॉम्ब टाकला.

रॅम्प ट्रॅम्पही रशियात बरीच वर्षं उडत राहिलं. जर्मनांकडून हस्तगत केलेल्या रॉकेट-विमानाच्या चाचण्यांसाठी ते पंखाखाली अडकवून वर नेण्याचं काम त्याच्याकडे आलं.

इकडे खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी इथून सुपरफोर्ट्रेस १९४५च्या वसंतात मारियाना बेटांवर हलले. खरगपूर-चेंगडूच्या या मोहिमेत एकूण ४९ वेळा विमानांचे ताफे लक्ष्यांवर निघाले. इंजिनं तोपर्यंत बरीच सुधारली होती. कॅन्ससहून आणलेल्या जादा पेट्या, सुट्या व्हॉल्व्हचे डबे, ऑइलचे पिंप मागे राहिले, आणि सालाच्या रानात पाऊस पडू लागला.

तू-४मध्ये पुढच्या केबिनची मांडणी बी-२९सारखीच ठेवली होती. काचेचं नाक, डावीकडे वैमानिक, उजवीकडे सहवैमानिक. आणि त्याच्या मागे, शेपटीकडे तोंड करून, एक खुर्ची. तिच्यासमोरच्या गेजवरचे आकडे आता मेट्रिक मापांत होते, अक्षरं रशियन होती. हेडच्या तापमानाचे काटे चारच होते.